आधी दावं सोडा

३१ ऑगस्ट २०२१ आठवतो ना? कन्नड घाटाकडं धो धो पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी नद्या फुगल्या आणि चाळीसगाव तालुक्यात कितीतरी गुरं वाहून गेली. आपली अंजनी एरवी शांत वाटते, पण नदीकाठच्या गोठ्यानं गाफील राहू नये.

गाय, म्हैस पोहते. पण दावं खुंट्याला असेल तर पोहणार कशी? म्हणून पावसाळ्यात गाठ एका झटक्यात सुटेल अशीच मारा. पाणी चढू लागलं की गुरं, शेळ्या उंचावर न्या. वेळच नसेल तर दावी सोडा. कोंबड्यांची डालगी उघडा. दारचा कुत्राही साखळीत अडकू देऊ नका.

विजा कडाडत असतील तर जनावर झाडाखाली किंवा तारेच्या कुंपणाजवळ बांधू नका. मोबाइलवरचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं.

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधीच टोचून घ्या. थोडा कडबा उंच, कोरड्या जागी ठेवा. पूर ओसरल्यावर भिजून बुरशी आलेला चारा घालू नका. जनावर आजारी वाटलं तर १९६२ वर फोन करा.

कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर वहीत लिहा, जनावराचा फोटो काढून ठेवा. पंचनाम्याला तोच पुरावा.

आणि एक लक्षात ठेवा, बायांनो. वाहत्या पाण्यात जनावरामागं उतरू नका. गोठा पुन्हा भरेल, पण घराला तुम्ही हव्यात.