नमुना एकचे तीन रकाने

ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक जमेच्या बाजूनं लिहायला घेतात, आणि ते खरं की फुगवलेलं हे त्याच बाजूला ठरून जातं. खर्चाचं पान नंतरचं. आटपाडी तालुक्यातल्या एका गावात, हिवाळ्याच्या दिवसांत, भाऊसाहेबांच्या टेबलाशेजारी बसून मी ते लिहिलं जाताना पाहिलं. ग्रामसेवकाला आपल्याकडे भाऊसाहेबच म्हणतात. 2024 साली त्या पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावाची हाक बदलली नाही.

टेबलावर दोन वह्या उघड्या होत्या. एक नमुना 8, म्हणजे घरांची आकारणी: घर कुणाचं, बांधकाम किती, माती-दगडाचं की आरसीसी. दुसरी नमुना 9, म्हणजे मागणी: मागची थकबाकी, चालू कर, आणि त्यातलं आलं किती. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीच्या हिशेबासाठी असे 33 नमुने ठरवून दिलेले आहेत. नमुना 1 अंदाजपत्रकाचा, 5 रोकडवहीचा, 10 करपावतीचा, 20 कामाच्या मोजमापाचा, आणि शेवटचा 33 गावातल्या झाडांच्या नोंदीचा. ही चौकट ज्यांनी आखली त्यांनी गावाचा पैसा कुठून कुठून निसटू शकतो याचा बारीक विचार केला होता, हे वह्या चाळताना पानोपानी जाणवतं.

भाऊसाहेबांचं बोट नमुना 9 च्या बेरजेवर थांबलं होतं. समजा, गावाची कराची मागणी 4 लाख आहे आणि गेल्या वर्षी प्रत्यक्ष वसूल झाले अडीच लाख. मग येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात जमा किती धरायची? 4 लाख धरले तर समोर दीड लाखाची कामं जास्तीची बसतात. एका वॉर्डाला गटार, दुसऱ्याला मुरूम, तिसऱ्याला स्मशानभूमीची दुरुस्ती. प्रत्येक सदस्याचं काम कागदावर येतं, मासिक सभा शांततेत पार पडते. अडीच लाख धरले तर दोन-तीन सदस्यांना तोंडावर नाही म्हणावं लागतं. अंदाजपत्रक करण्यातला अवघड भाग हा एवढाच आहे. बाकी सगळी बेरीज-वजाबाकी, ती संगणक परिचालकही करतो.

वसुली का होत नाही, याला या तालुक्यात खास कारणं आहेत. पाऊस कमी, डाळिंबाच्या बागेवर रोग पडला की घरातला पैसा आटतो. शिवाय खानापूर-आटपाडी भागातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. सोनं-चांदी आटवून शुद्ध करणारी ही माणसं दूरच्या शहरांत राहतात, गावात त्यांचं पक्कं घर कुलपात असतं. घर मोठं म्हणून आकारणीही मोठी, पण पावती फाडायला माणूस हवा ना! मग जत्रेला मंडळी गावी आली की शिपाई पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरतो. त्या आठवड्यात नमुना 10 ची पानं भराभर संपतात.

आता खर्चाचं पान. स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी, 5 टक्के दिव्यांगांसाठी आधी बाजूला काढायचे. ते कुणाच्या मर्जीवर नाहीत. अडीच लाखांवर हे पाऊण लाख होतात. उरल्यात शिपाई आणि पाणी सोडणाऱ्या माणसाचा पगार, रस्त्यावरच्या दिव्यांचं बिल, आणि पाणीयोजनेच्या मोटारीचं बिल. या भागात पाणी खोलवरून, लांबून उचलावं लागतं, तेव्हा मोटारीचं बिल हा खर्चाच्या बाजूचा सगळ्यांत हट्टी आकडा असतो. तो कमी धरून चालत नाही. कमी धरला तर उन्हाळ्यात जोडणी तुटते.

विकासकामांचा खरा पैसा वित्त आयोगाचा. 14 व्या वित्त आयोगानं 2015 पासून तो थेट ग्रामपंचायतीला दिला, आणि त्याच वर्षी राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा आराखड्याचा उपक्रम सुरू झाला. 15 व्या आयोगाच्या निधीतला राज्यात 80 टक्के वाटा ग्रामपंचायतींचा ठरला. 2021-22 पासून त्यातले 40 टक्के अबंधित, 60 टक्के बंधित. बंधितचे निम्मे पाण्यावर, निम्मे स्वच्छतेवर. म्हणजे 10 लाख आले तर गावानं आपल्या मनानं ठरवायचे फक्त 4 लाख. ग्रामसभेत ‘एवढे लाख आले, रस्ता का होत नाही?’ म्हणून भांडणारे बरेचजण या वाटणीपाशी अडतात. ती फळ्यावर लिहून ठेवली तर निम्मी भांडणं मिटतील, असं माझं मत आहे. माहिती अधिकाराच्या 2005 च्या कायद्यातलं कलम 4 सांगतंही तेच: कुणी मागण्याची वाट न पाहता माहिती आपणहून मांडा.

माहिती इंटरनेटवर आहे, हे खरं. एप्रिल 2020 पासून ई-ग्रामस्वराज पोर्टल सुरू आहे. आराखडा, मिळालेला निधी, झालेला खर्च तिथं गावाच्या नावानं दिसतो. पैसे सरपंच आणि भाऊसाहेब या दोघांच्या डिजिटल सहीनंच निघतात. हिशेब आणि लेखापरीक्षण लोकांना पाहता येईल असं ऑनलाइन असल्याशिवाय पुढचा निधी नाही, अशी अटही 15 व्या आयोगानं घातली. ही मोठीच सुधारणा आहे आणि तिचं मोल मी कमी करणार नाही. पण पोर्टलवर आकडा असतो, त्याचं कारण नसतं. दिवाबत्तीला 60 हजार धरले आणि 90 हजार गेले, तर वरचे 30 हजार कुठल्या शीर्षातून काढले? त्याचं उत्तर नमुना 2 मध्ये असतं, पुनर्विनियोजनाच्या कागदात. वर्षाच्या मधेच एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळवण्याचा तो रीतसर रस्ता आहे. अंदाजपत्रकावर ग्रामसभेत थोडीफार चर्चा होते. नमुना 2 मागणारा माणूस मात्र मला भेटलेला नाही.

ग्रामसभेचं वाचन बहुतेक ठिकाणी कसं होतं, ते वाचकांना ठाऊक आहे. विषय क्रमांक अमुक, अंदाजपत्रकास मंजुरी देणे. एकूण जमा इतकी, एकूण खर्च इतका, अखेरची शिल्लक इतकी. सूचक, अनुमोदक, पुढचा विषय. या गावातही तसंच चाललं होतं. तेवढ्यात बचत गटाच्या एक मावशी उभ्या राहिल्या.

‘भाऊसाहेब, म्होरल्या सालाचं ऱ्हावू द्या. गेल्या साली आमच्या धा टक्क्यातलं किती खर्चलं, त्ये वाचा.’

भाऊसाहेबांनी नमुना 28, म्हणजे या राखीव टक्क्यांच्या खर्चाचा कागद, काढला आणि वाचला. आकडा फारच लहान निघाला. कुजबुज सुरू झाली. मग त्यांनी नमुना 9 उघडला आणि शांतपणे सांगितलं की दहा टक्के हे जमा झालेल्या रकमेचे असतात, मागणीचे नव्हेत. वसुलीच अर्धवट, तर दहा टक्केही तेवढेच. आतापर्यंत खर्चावर बोलणारी सभा तिथून थकबाकीवर आली. कुणीतरी म्हणालं, थकबाकीदारांची यादी वाचा. सभेत थोडा वेळ कुणीच बोललं नाही, कारण यादीतली बरीच माणसं समोरच बसलेली होती. सदस्यांनाही हे झोंबणारंच असतं: कराचं बिल मिळाल्यापासून 3 महिन्यांत रक्कम न भरणारा सदस्य अपात्र ठरू शकतो, अशी तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात आहे.

मला त्या सभेचं मोल इथं वाटतं. पारदर्शकता म्हणजे सरपंचाला जाब विचारणं एवढाच अर्थ आपण धरून बसलो आहोत. वही खरोखर उघडली की ती विचारणाऱ्याचंही पान दाखवते, आणि ते सोसायची तयारी ठेवूनच प्रश्न विचारावा लागतो. त्या मावशींनी तो विचारला, कारण गटाच्या पासबुकात दरमहा तोच व्यवहार त्या करतात: भरलं किती, उचललं किती, राहिलं किती.

गावानं आपला कारभार स्वतः तपासणं आटपाडीला नवं नाही. हा तालुका औंध संस्थानातला. राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 साली आपली सत्ता गावपंचायतींच्या हाती देणारी राज्यघटना लागू केली. तिच्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता, पुत्र अप्पासाहेब पंतांची आणि पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांची मेहनत होती. 72 गावांच्या त्या लहानशा राज्यात गावच्या प्रौढांनी पंच निवडले. याच तालुक्यात स्वतंत्रपूरला कैद्यांना भिंतीवाचून ठेवण्याचा प्रयोगही तेव्हाच झाला. 1948 साली संस्थान विलीन झालं. पुढे 1993 पासून इथं पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडींच्या नेतृत्वाखाली दुष्काळी तालुक्यांनी कृष्णेच्या पाण्याचं समन्यायी वाटप मागितलं, आणि साधे शेतकरी टीएमसीच्या हिशेबात बोलू लागले. टेंभू उपसा योजनेच्या पाण्याचा हिशेब मांडू शकणाऱ्या माणसाला नमुना 1 चे तीन रकाने जड जाणार नाहीत. गेल्या वर्षी प्रत्यक्ष किती, चालू वर्षाचा अंदाज किती, पुढच्या वर्षाचा किती: एवढेच ते तीन. पहिला आणि तिसरा यांत फार अंतर दिसलं की विचारायचं, कशाच्या जोरावर?

आणखी एक कागद आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 8 प्रमाणे आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेब, आदल्या वर्षाचा प्रशासन अहवाल, शेवटचं लेखापरीक्षण टिपण आणि त्यातल्या आक्षेपांना दिलेली उत्तरं ठेवावी लागतात. आक्षेप म्हणजे चोरी असं नव्हे. पुष्कळदा प्रमाणकावर सही राहिलेली असते, मोजमाप पुस्तिकेत नोंद नसते. पण तोच आक्षेप वर्षामागून वर्ष तसाच राहत असेल, तर गावानं तो वाचून घ्यायलाच हवा. सभेत तो कागद मिळाला नाही तर माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत मिळतो.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 माणसं, यांतली कमी असेल ती संख्या लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. तिथं हजर असतील तेवढ्यांच्या साक्षीनं गावाचा वर्षाचा पैसा मंजूर होतो. म्हणून पहिल्याच सभेला जा, आणि पहिला रकाना मोठ्यानं वाचून घ्या.