कूर्चेचं हाड कसं होतं?

बोंबलाचा काटा कितीही मऊ असला तरी तो हाडाचाच. वसईच्या पाचूबंदरला किंवा अर्नाळ्याला मुशी नाहीतर पाकट कापताना मात्र कोयत्याला हाड लागतच नाही, लागते ती कूर्चा. आईच्या पोटात आपले हातपायही आधी कूर्चेचेच असतात. पुढे आपल्या कूर्चेच्या जागी हाड येतं, मुशीत ते कधीच येत नाही.

मुशीला क्षार कमी पडतात असं नाही. तिच्या कूर्चेवर कॅल्शियम-फॉस्फेटच्या बारीक फरशा बसलेल्या असतात. 2014 मध्ये सिंगापूरच्या बायरप्पा वेंकटेश यांच्या गटाने मुशीच्या दूरच्या नातलगाचा, एलिफंट शार्कचा, जनुकसंच वाचला. कॅल्शियमला धरून ठेवणाऱ्या, हाड घडवणाऱ्या प्रथिनांची काही जनुकं त्यात नव्हतीच.

आपल्याकडे ती आहेत, पण तेवढ्याने भागत नाही. वाढत्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पट्टी असते. तिथल्या पेशी रांगेने वाढतात, फुगतात आणि अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडतात. 1967 मध्ये क्लार्क अँडरसन आणि एर्मानो बोनुची यांनी स्वतंत्रपणे त्यांचं वर्णन केलं. क्षाराचा पहिला स्फटिक या पिशवीत जन्मतो. त्यासाठी लागणारं फॉस्फेट काही प्रमाणात आतच तयार होतं, तर काही पिशवीच्या आवरणातली वाहक प्रथिनं सोडियमच्या जोडीने आत ओढतात. बाहेर मात्र पायरोफॉस्फेट स्फटिकाची वाढ अडवून धरतं. अल्कलाइन फॉस्फटेज हे विकर त्याचे तुकडे करतं, त्यामुळे अडसर जातो आणि फॉस्फेटही मोकळं होतं. हाडं घडवण्यात या विकराचा हात असावा, हे रॉबर्ट रॉबिसन यांनी लंडनमध्ये 1923 मध्येच मांडलं होतं. मुलांच्या रक्ततपासणीत या विकराचा आकडा मोठ्यांपेक्षा जास्त येतो तो वाढत्या हाडांमुळे. एरवी मूल ठणठणीत असेल तर नुसत्या त्या आकड्याने घाबरू नये.

फॉस्फेटचं दुसरं काम मला अधिक विलक्षण वाटतं. फुगलेल्या पेशींना मरायची वेळ झाल्याचा इशारा तेच देतं. त्या मेल्या की रक्तवाहिन्या आत शिरतात आणि हाड येतं. फॉस्फेट कमी पडलं तर पेशी मरत नाहीत, साचत जातात. मनगटं रुंदावतात, पाय वाकतात. हाच मुडदूस.

मुडदूस म्हटलं की आपण ऊन आणि कॅल्शियमकडे वळतो. बहुतेकदा ते बरोबरच असतं. पण काही मुलांत आनुवंशिक दोषामुळे एफजीएफ-23 हे संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंडं फॉस्फेट लघवीवाटे घालवत राहतात. अशा मुलाला कितीही ऊन दिलं, ड जीवनसत्त्वाचे नेहमीचे डोस दिले, तरी पाय सरळ होत नाहीत. म्हणून उपचारांनी फरक पडत नसेल तर रक्तातलं फॉस्फेट तपासायला हवं, आणि तेही वयाच्या मापाने. मुलांचं फॉस्फेट मोठ्यांपेक्षा जास्त असावं लागतं. रिपोर्टवर मोठ्यांचीच मर्यादा छापलेली असेल तर मुलाचं घटलेलं फॉस्फेट तिथे ‘नॉर्मल’ दिसतं.