रात्रीचे मद्य, सकाळचा घाट

चैत्र लागला की सातपुड्यात मोहाची फुले गळू लागतात. अक्राणी तालुक्यात, तोरणमाळच्या वाटेवर, पुरते उजाडण्यापूर्वीच बायका-मुले टोपल्या घेऊन झाडांखाली पोचलेली असतात. फूल रात्री गळते, आणि वेळीच वेचले नाही तर गुरे ते खाऊन टाकतात. या मांसल, गोड फुलांत साखर भरपूर. ती वाळवून ठेवतात, उकडून खातात, आणि पाण्यात आंबवून, भट्टी लावून त्यांची दारूही काढतात. वसंतातील व्याख्यान आणि विषय मद्यपानाच्या दुसऱ्या दिवसाचा, तेव्हा या झाडापासून आरंभ करणे आम्हांस प्रशस्त वाटले.

श्रोत्यांपैकी कित्येकांची अशी समजूत असेल की आता दारूबंदीवर प्रवचन होणार. तसे नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, महाराष्ट्रात मद्य पिण्यास आजही परवाना लागतो, आणि तरीही पिणारे पितात. तोरणमाळास थंड हवेसाठी जाणारी मंडळी, विशेषतः ३१ डिसेंबरच्या सुमारास, रात्र जागवितात आणि सकाळी ठणकते डोके घेऊन सात पायरी घाट उतरू लागतात. त्या सकाळीविषयी आम्हांस बोलावयाचे आहे.

या अवस्थेस आपल्याकडे स्वतंत्र शब्द नाही असे म्हणतात. ते खरे नव्हे. 'खुमारी' हा शब्द आपण आज गोड धुंदीच्या अर्थी वापरतो, गाण्याची खुमारी म्हणतो. परंतु ज्या अरबी-फारसी 'खुमार'वरून तो आला, त्याचा जुना अर्थ नशा उतरतानाची डोकेदुखी असाच होता. मराठीने त्यातले दुखणे सोडून दिले आणि सुख तेवढे ठेवले! आयुर्वेदाने मात्र दुखणे विसरू दिले नाही. चरकाच्या चिकित्सास्थानात मदात्ययावर एक सबंध अध्याय आहे, आणि सुश्रुताने पानात्यय, परमद, पानाजीर्ण व पानविभ्रम असे चार प्रकार वेगळे सांगितले आहेत. डोके जड होणे, तहान, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे तेव्हाच्या वैद्यांनी पुरतेपणी पाहिली होती.

शरीरात घडते ते असे. पोटात गेलेले मद्य रक्तात मिसळते आणि त्याचा बहुतेक भाग यकृतास जाळावा लागतो. प्रथम त्याचे अ‍ॅसिटाल्डिहाइड होते; हे मद्याहून विषारी. मग त्याचे अ‍ॅसिटेट होते आणि ते निरुपद्रवी असते. या कामास यकृताची एक ठराविक गती आहे: साधारण प्रौढ माणसात तासाला ७ ते १० ग्रॅम. ती घाईने वाढत नाही. इकडे मद्य मेंदूतील व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकास दाबते, त्यामुळे मूत्रपिंडे पाणी राखून ठेवीत नाहीत. प्यालेल्याहून अधिक पाणी बाहेर जाते. जठराचे अस्तर चिडते. यकृत मद्यात गुंतल्यामुळे नवी साखर तयार करण्याचे त्याचे काम मंदावते, म्हणून गळाठा येतो. झोप चटकन लागते, पण उत्तररात्री मोडते. कमाल अशी की सर्वांत अधिक त्रास होतो तो रक्तातील मद्य जवळजवळ संपलेले असताना. म्हणजे माणूस 'आता उतरली' असे म्हणतो तेव्हा. कोणत्या एका कारणाने हे होते ते शास्त्राने अद्याप निश्चित केलेले नाही. सगळा दोष पाण्याच्या कमतरतेवर टाकणारे निम्मेच सांगतात.

मद्यात दारूच्या अर्काखेरीज इतर द्रव्येही उतरतात. रंगीत व जुनी मुरविलेली मद्ये, जसे व्हिस्की किंवा ब्रँडी, यांत ती अधिक, व्होडकात कमी. आणि ती अधिक असली की सकाळ अधिक कडू जाते. मोहाच्या दारूची अडचण निराळी. तिच्या बाटलीवर ताकदीचा आकडा नसतो. एकाच भट्टीतून प्रथम येणारी धार कडक, नंतरची सौम्य. तेव्हा पाहुण्याने 'दोनच पेले घेतले' म्हणण्यास काहीच अर्थ उरत नाही. पहाडात ही दारू देवाला आणि पूर्वजांना वाहतात, लग्नात व सणात देतात. शहरातून आलेला मनुष्य ती एका रात्रीत संपविण्याची वस्तू समजतो. तथापि डोंगरातले पिणे निर्दोष आहे, असे रम्य चित्र आम्ही काढणार नाही. १९३० च्या दशकात तळोद्याजवळच्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी हजारो भिल्लांना दारू सोडावयास लावले. दारूने घरे कशी बसतात हे तिथल्या लोकांना बाहेरच्या कोणी शिकवावे लागले नाही.

आता प्रतिबंधाचे. एकच उपाय खात्रीचा, आणि तो सर्वांस ठाऊक आहे: कमी पिणे. त्याच्या खालोखाल, उपाशीपोटी न पिणे. भाकरी, डाळ, दाणे, तूप असे काही पोटात असले की मद्य जठरात रेंगाळते व रक्तात सावकाश चढते. अर्थात् एकंदर प्यालेले मद्य त्याने कमी होत नाही. प्रत्येक पेल्यामागे पेलाभर पाणी प्यावे. त्याने तहान भागते आणि हातही आपोआप मंदावतो. बिअर आधी की वाईन आधी, यावर गप्पांच्या अड्ड्यात फार वाद होतात. जर्मनीत ९० स्वयंसेवकांवर केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात क्रमाने काही फरक पडत नाही असे आढळले. आपल्याला किती चढली आहे याची स्वतःची जाणीव आणि ओकारी, या दोनच गोष्टींवरून सकाळचा अंदाज बरा बांधता आला. तोरणमाळात हिवाळ्यात आणखी एक फसवणूक होते. मद्याने कातडीतील रक्तवाहिन्या फुगतात, ऊब वाटते, आणि त्याच वाटेने अंगातली उष्णता बाहेर जाते. शेकोटी विझल्यावर यशवंत तलावाच्या काठी उघड्यावर झोपणे हा शहाणपणा नव्हे.

सकाळ उगवल्यावर काय करावे? बाजारात गोळ्या आहेत, पुड्या आहेत, मित्रांचे सल्ले आहेत. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००५ साली झालेल्या आढाव्यात एकही उपाय सिद्ध झालेला आढळला नाही. पुढे २०२२ साली २१ प्रयोगांचा आढावा निघाला, त्यातही पुरावा अतिशय दुबळाच ठरला. म्हणून आम्ही औषध सांगत नाही, आराम सांगतो. घोटघोट पाणी, लिंबाचे मीठ-साखर घातलेले सरबत, पातळ ताक, मुगाचे कढण, मऊ भात. खजूर, मनुका, डाळिंब, चिंच, आवळा यांचा खर्जूरादि मंथ वैद्य याच विकारात देत आले, आणि त्यात साखर, पाणी व आंबटपणा आहे हे पाहता ती योजना समंजस दिसते. धडगावकडच्या आमचुराचे सरबतही त्याच जातीचे. चहा-कॉफीने झापड जाते, यकृताचा वेग वाढत नाही. डोकेदुखीवर गोळी घेताना जपावे: अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन चिडलेल्या जठरास आणखी चिडवितात, आणि नेहमी पिणाऱ्याच्या यकृतास पॅरासिटामॉल धोक्याचे. मद्यावर झोपेची गोळी तर कधीच नको.

'उतारा' म्हणून सकाळी पुन्हा एक पेला घेणारे पुष्कळ आहेत. त्याने त्रास पुढे ढकलला जातो, एवढेच. मात्र ज्याचे हात सकाळी पेल्यावाचून थरथरतात, त्यास खुमारी नव्हे, व्यसन जडले आहे; अशा माणसाची दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्याला घरी कोंडून न ठेवता डॉक्टरकडे न्यावे.

आणखी एक प्रसंग असा की तिथे सरबत करीत बसणे प्राणावर बेतते. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे मेली. कारण मिथेनॉल. फुले आंबवून मिथेनॉल मारक प्रमाणात निघत नाही. कारखान्यातील मिथेनॉल दारूत मिसळले म्हणजे घात होतो. ते शरीरात फॉर्मिक आम्ल बनते आणि डोळ्यांच्या नसेवर घाला घालते. लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात, म्हणून लोक ती खुमारीच समजतात. दिसणे धूसर झाले, डोळ्यांपुढे पांढरे धुके आले, पोटात तीव्र कळा, श्वास जोरात, यांपैकी काहीही झाले तर तासही न दवडता रुग्णालय गाठावे. वेळेवर डायलिसिस व प्रतिविष मिळाल्यास डोळे आणि जीव दोन्ही वाचू शकतात. बरोबर प्यालेल्या इतरांनाही तपासून घ्यावे. तसेच जो हाक मारूनही जागा होत नाही, त्यास 'झोपू द्या' म्हणू नये. कुशीवर निजवावे, म्हणजे ओकारी घशात अडकणार नाही, आणि मदत आणावी.

आता त्या घाटाकडे वळू. ४२.८ टक्के मद्यार्काच्या व्हिस्कीच्या ६० मिलिलिटर पेगात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. यकृताची गती तासाला ८ ग्रॅम धरली, तर एका मोठ्या पेगास अडीच तास. रात्री ९ ला बसून १ पर्यंत पाच पेग घेतले, तर १०० ग्रॅमांस साडेबारा तास. म्हणजे रक्त स्वच्छ होण्यास दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेनऊ उजाडतात, आणि ज्याचे यकृत मंद त्याचे अकरा. कायद्याने वाहन चालविणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्य नको. पहाटे सहाला स्नान करून, कडक चहा घेऊन निघालेला गृहस्थ त्या मर्यादेबाहेर असू शकतो, आणि त्याला स्वतःला ते कळत नाही. मद्य संपल्यावरही थकवा, मोडलेली झोप आणि उशिरा उचलणारा पाय उरतातच. वळणांच्या रस्त्यावर त्यांचा हिशेब कोणत्याही यंत्रात दिसत नाही. म्हणून ज्याला सकाळी गाडी हाकावयाची आहे, त्याने रात्री पेल्याला हात लावू नये. कोणीच तसा नसेल तर दुपारपर्यंत वर थांबावे, गोरखनाथाच्या देवळापर्यंत सावकाश पायी जाऊन यावे, भात खाऊन झोप काढावी. आणि तेवढी सवड नसेल तर गाडी वरच ठेवून शहाद्याची एस. टी. पकडावी.