हे कपलर नेमकं कुणाचं?

समजा, घरच्या धंद्यासाठी तुम्ही सेकंडहँड ४०७ घेतली. डॅशबोर्डचे स्क्रू काढले आणि आतून एक चार पिनांचं पांढरं कपलर लोंबकळत बाहेर आलं. कशालाच न जोडलेलं. दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, गाडी पळतेय. मग हे कुणाचं? गॅरेजमध्ये विचारा, बहुतेक वेळा उत्तर ठरलेलं असतं, ‘राहू दे, तोड आणि टेप मार.’

लगेच तोडू नका. त्या चारपैकी एखादी वायर चावी बंद असतानाही जिवंत असू शकते. तिचं उघडं टोक पत्र्याला लागलं आणि मध्ये फ्यूज नसला, तर वायर तापून केबिनभर धूर. दुसरी शक्यता याहून वाईट. ते कपलर खरंच कशाचं तरी असेल आणि ते ‘काहीतरी’ कित्येक वर्षं बंद पडलेलं असेल. एअर ब्रेकच्या मोठ्या ट्रकला हवेचा दाब उतरला की ओरडणारा बझर असतो. कुणाला त्याची कटकट झाली म्हणून कपलर ओढून ठेवलं असेल, तर घाट उतरताना ती गाडी गप्प राहणार.

मुळात ही जास्तीची कपलरं येतात कुठून? एक तर कंपनी एकच हार्नेस अनेक मॉडेल्सना वापरते. ज्या गाडीला फॉग लॅम्प नाही, तिच्यात फॉग लॅम्पचं कपलर तसंच राहतं. दुसरं कारण खास आपल्याकडचं. कित्येक वर्षं ट्रक अर्धवटच विकला जायचा. इंजिन, चेसिस आणि पुढचा काऊल, एवढंच. केबिन आणि हौदा बांधायचा बॉडी बिल्डर. कंपनीने सोडलेल्या टोकांना तो आपल्या हिशोबाने दिवे जोडायचा. त्यानंतर दोन-तीन मालक येऊन गेले. एकाने टेप बसवला, दुसऱ्याने पंखा, तिसऱ्याने गाणं म्हणणारा रिव्हर्स हॉर्न. थोडक्यात, एका गाडीत तीन-चार हातांचं वायरिंग असतं आणि पहिलं काम म्हणजे हे हात वेगळे ओळखणं. कंपनीची वायर साधारणपणे जुडग्यात, टेपमध्ये किंवा नळीत नीट बांधलेली असते, रंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ असते आणि टोकाला दाबून बसवलेली पिन. पीळ मारून टेप गुंडाळलेला जोड दिसला, की समजा मागाहून कुणाचा तरी हात लागलाय.

आता कपलरच्या तोंडात टॉर्च मारा. पिनांवर घासल्याच्या रेघा असतील तर ते कधीतरी जोडलेलं होतं, म्हणजे जोडीदार जवळपासच शोधायचा. सगळ्या पिना सारख्याच मळकट असतील तर बहुधा ते कधी वापरलंच गेलेलं नाही. जागाही बरंच सांगते. गिअरबॉक्सजवळच्या दोन वायरी रिव्हर्स लाइटच्या स्विचच्या असू शकतात, ब्रेक पेडलजवळच्या ब्रेक लाइटच्या. टाकीजवळचं कपलर डिझेलच्या काट्याचं. डिझेल पंपाजवळ सुटलेलं एखादं टोक असेल तर ते इंजिन बंद करणाऱ्या सोलेनॉइडचं असू शकतं. वायर जाड असेल तर जास्त करंट खाणारं काहीतरी, बारीक असेल तर सेन्सर किंवा इंडिकेशनचा दिवा.

रंगांचं म्हणाल तर दोन जुन्या घराण्यांची तोंडओळख उपयोगी पडते. टेल्कोने १९५४ मध्ये डेमलर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला सुरुवात केली, तर अशोक लेलँडचं नातं ब्रिटिश. जर्मन पद्धतीत महत्त्व नंबरांना. कुठलाही साधा रिले उलटा करून बघा, खाली ३०, ८५, ८६, ८७ कोरलेलं दिसेल. ३० म्हणजे बॅटरीचा कायम करंट, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, ३१ अर्थ, ५० सेल्फ, ५८ पार्किंगचे दिवे. जुन्या ब्रिटिश पद्धतीत रंग बोलतात. तपकिरी कायम जिवंत, पांढरा चावीनंतरचा, हिरवा तोच पण फ्यूजमधून आलेला, काळा अर्थ. पण वीस वर्षांच्या गाडीत रंग हा फक्त अंदाज. आधीच्या वायरमनच्या हाताला जी वायर लागली, ती त्याने जोडली असेल. त्या मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या मॅन्युअलमधली वायरिंगची आकृती मिळाली तर सोन्याहून पिवळं.

खरा निकाल टेस्ट लॅम्पचा. पाच वॅटचा छोटा बल्ब, दोन वायरी, एक चिमटा. ४०७ला १२ व्होल्टचा बल्ब चालेल. मोठ्या ट्रकमध्ये बऱ्याचदा २४ व्होल्ट असतात, तिथे बल्बही २४चाच. चिमटा चेसिसच्या स्वच्छ, रंग खरवडलेल्या भागाला लावा आणि दुसरं टोक आधी बॅटरीच्या पॉझिटिव्हला टेकवून बल्ब लागतोय ना ते बघा. ही पायरी गाळली तर बंद बल्बच्या भरवशावर अर्धा दिवस जातो. मग एकेक पिन, आधी चावी बंद ठेवून, नंतर चावी देऊन, मग पार्किंग, ब्रेक, इंडिकेटर लावून तपासा. त्यानंतर चिमटा पॉझिटिव्हला लावून पुन्हा तोच फेरा. आता पूर्ण उजेड पडला तर ती पिन बहुधा अर्थ. मंद उजेड असेल तर मध्ये एखादा बल्ब असू शकतो.

आता आपलं पांढरं कपलर. समजा, एक पिन कायम जिवंत, एक चावीनंतर, एक अर्थ आणि चौथी फक्त पार्किंग लावल्यावर जिवंत निघाली. चौथी बहुधा डिस्प्लेच्या उजेडासाठी. म्हणजे हे टेपचं कपलर असण्याची दाट शक्यता. स्पीकरचं कपलर वेगळं असतं, तेही आसपास सापडेल.

हा बल्बचा खेळ फक्त जुन्या, साध्या वायरिंगपुरता. इंजिनवर ईसीएम असलेल्या गाडीत सेन्सरच्या वायरीला टेस्ट लॅम्प लावला, तर बल्ब ओढतो तेवढ्या करंटनेही आतलं सर्किट जाऊ शकतं. तिथे डिजिटल मल्टिमीटरच. आणि कुठल्याही गाडीत, अनोळखी वायर ‘ठिणगी पडते का बघू’ म्हणून चेसिसला टेकवायची नाही. हा प्रकार गॅरेजमध्ये सर्रास चालतो, तरीही नाही. काही तोडायचं किंवा जोडायचं असेल तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा.

एवढं करूनही एखादं टोक ओळखू येत नाहीच. मग प्रत्येक वायरीला स्वतंत्र टेप लावा, चारही टोकं एकत्र गुंडाळू नका. टोक मागे वळवून हार्नेसला बांधा आणि त्यावर चिठ्ठी चिकटवा. कुठल्या पिनला काय मिळालं ते लिहा. बाकी जागेत ‘माहीत नाही’ लिहिलंत तरी चालेल. पुढे डॅश उघडणाऱ्याचे दोन तास वाचतील, आणि बहुतेक वेळा तो उघडणारे तुम्हीच असता.