वडिलांच्या रकान्यात कोणाचं नाव?

गेल्या जूनमधली गोष्ट. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. आमच्या महिला मंडळात एक ओळखीची बाई मुलाचा शाळेचा फॉर्म घेऊन आली. म्हणाली, “ताई, वडिलांच्या रकान्यात नाव कोणाचं लिहू?”

मुलगा दोन वर्षांचा असताना तिचा पहिला नवरा अपघातात गेला. पुढे तिनं दुसरं लग्न केलं. माणूस चांगला. मुलगा त्याला ‘पप्पा’ म्हणतो, त्याच्याच स्कूटरवरून शाळेत जातो. नंतर या दोघांना एक मुलगीही झाली. सगळं छान चाललं होतं. पण गेल्या वर्षी नवऱ्याची बायपास झाली आणि दवाखान्यात पडल्या पडल्या त्यानं बायकोला विचारलं, “मला काही झालं तर पोराचं काय गं?”

प्रश्न अगदी रास्त होता. आईनं दुसरं लग्न केलं म्हणून सावत्र वडील कायद्यानं आपोआप वडील होत नाहीत. हिंदू वारसा कायद्यात सावत्र मुलगा हा सावत्र वडिलांचा ‘मुलगा’ धरला जात नाही. मृत्युपत्र नसेल तर बायकोला वाटा मिळतो, पोटच्या मुलीला मिळतो, पण ज्याला रोज शाळेत सोडलं त्या मुलाला नाही! मृत्युपत्रानं मालमत्ता देता येते, पण वडिलांचं नातं दत्तकानंच मिळतं. आणखी एक गैरसमज म्हणजे राजपत्रात आडनाव बदललं की झालं दत्तक. तसं नाही. नाव बदलणं वेगळं, दत्तक वेगळं.

मग करायचं काय? बाल न्याय कायदा २०१५ आणि दत्तक नियमावली २०२२ यांत सावत्र आई-वडिलांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. नवरा-बायको दोघांनी मिळून केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘कारा’च्या, संगणक प्रणालीवर नोंदणी करायची. मुलाचा जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पहिल्या नवऱ्याचा मृत्यूदाखला किंवा घटस्फोटाचा हुकूमनामा, राहण्याचा पुरावा आणि संमतीपत्रं जोडायची. जमत नसेल तर जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारायचं. अनाथ मूल दत्तक घेताना असलेली वयाची आणि दोन वर्षांच्या संसाराची अट इथे लागू नाही. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं दत्तकाचा आदेश देण्याचं काम न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवलं. अर्ज दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत निकाल द्यावा, असं कायदा सांगतो. तेव्हा कागद आधीच नीट गोळा करा. अर्धी रखडपट्टी तिथेच वाचते.

घटस्फोट झाला असेल आणि जन्मदाते वडील हयात असतील, तर त्यांची संमती लागते. ‘ते विचारतसुद्धा नाहीत, मग त्यांना कशाला सांगायचं?’ असं बऱ्याच जणी म्हणतात. राग समजतो, पण परस्पर उरकता येत नाही. मुलाच्या ताब्याचा खटला चालू असेल तर आधी त्याचा निकाल लागावा लागतो.

आमच्या या बाईची भीती वेगळीच होती. “ताई, गावच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून पोराचं नाव लागलंय. दत्तक दिलं तर ती जमीन जाईल?” नाही जात. दत्तकाच्या आधी जी मालमत्ता मुलाच्या हक्काची झाली, ती त्याचीच राहते. जन्मघराण्यातला पुढचा वारसाहक्क मात्र संपतो. दोन्ही गोष्टी आधी समजून घ्याव्यात आणि सातबारा वकिलाला दाखवावा.

सासरचे काय म्हणतील, हा धाकही तिला होता. अशाच एका प्रकरणात आजी-आजोबा कोर्टात गेले होते. सावत्र वडिलांचा उल्लेख कागदोपत्री ‘सावत्र’ असाच करा, असं उच्च न्यायालयानं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२२ मध्ये ते खोडून काढलं. वडील गेल्यावर आई हीच नैसर्गिक पालक. मुलाचं आडनाव ठरवण्याचा, त्याला दत्तक देण्याचाही अधिकार तिला आहे. आणि ‘सावत्र’ हा शिक्का मुलाच्या मनावर घाव घालतो, हेही न्यायालयानं बोलून दाखवलं.

या सगळ्यात एक माणूस आपण विसरतो, ते म्हणजे मूल! पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावी लागते. कायद्याचं सोडा, आई म्हणूनही विचारायलाच हवं. तिनं विचारलं तेव्हा मुलगा म्हणाला, “मग भिंतीवरच्या बाबांचा फोटो काढणार?” नवराच पुढे होऊन म्हणाला, “फोटो तिथेच राहील. हार मी आणीन.”

त्यानंतर मुलगा तयार झाला. कागद जमवून त्यांनी अर्ज केला. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर एवढंच सांगा, मैत्रिणींनो, दवाखान्याची पायरी चढायची वेळ येईपर्यंत थांबू नका.