बाळाचे पहिले कापड

आपल्या या वार्षिक स्मरणिकेत कराचे दर, उधारीची वसुली आणि बाजाराची चाल यांवर दरवर्षी जाणकारांचे लेख येतात. त्या पंक्तीत आम्ही बाळाच्या लंगोटांवर लिहावयास बसलो, हे पाहून काही वाचकांस हसू येईल. परंतु आपल्यापैकी कितीतरी घरांची चूल कापडाच्या व्यापारावर पेटते. अशा समाजास माणसाच्या अंगाला लागणाऱ्या पहिल्या कापडाची माहिती नसावी, हे आम्हांस योग्य वाटत नाही. शिवाय हा धडा आम्ही ग्रंथांतून घेतलेला नाही. तो स्वतःच्या घरात आणि स्वतःच्याच दुकानातील मालामुळे घेतला आहे.

बेळगावचा पावसाळा कसा असतो, हे येथील वाचकांस सांगावयास नको. अशाच एका आषाढात आमच्या घरी नात जन्मास आली. आनंदाच्या भरात आम्ही दुकानातून शुभ्र, लुसलुशीत कापडाचा एक तागा घरी पाठविला आणि त्याचे तीन डझन लंगोट शिवून घेतले. कापड हाताला इतके मऊ होते की सूनबाईंनीही कौतुक केले. पण चार-पाच दिवसांतच बाळाच्या जांघेत लाली दिसू लागली. आठवड्यात कातडी सोलवटली आणि लघवी होताच पोर किंचाळू लागली. कोणी दोष पाण्याला दिला, कोणी दृष्टीला, तर कोणी बाळंतिणीच्या खाण्याला. शेवटी आमच्या मातोश्रींनी एक लंगोट सपाट पसरला आणि त्यावर चमचाभर पाणी ओतले. पाणी थेंबाथेंबाने वरच उभे राहिले आणि मग कडेने ओघळून गेले. “तुझं कापड पाणीच पीत नाही रे,” एवढेच त्या म्हणाल्या.

आम्ही त्याच कापडाची चिंधी जाळून पाहिली. कडेला ते वितळले, काळा धूर निघाला आणि विझल्यावर टणक गोळी उरली. मालाच्या बिलावर ‘शुद्ध सुती’ असे लिहिलेले होते. आयुष्य कापडात घालविलेल्या माणसाने बिलावर विश्वास ठेवला आणि हातातल्या कापडाची परीक्षा केली नाही, हा दोष आमचाच होय.

कापडाची पारख

लंगोटाच्या कापडाचे पहिले काम ओल शोषून घेणे हे आहे. मऊपणा त्यानंतर येतो. कापसाच्या तंतूस पाण्याची मुळातच ओढ असते. साध्या हवेतही शंभर ग्रॅम कापसात सात-आठ ग्रॅम ओल मुरलेली असते. पॉलिएस्टरमध्ये ती अर्धा ग्रॅमदेखील नसते. म्हणून मिश्र धाग्याचे कापड कितीही तलम असले, तरी बाळाची लघवी ते पुरती धरून ठेवीत नाही आणि ओल कातडीशीच राहते.

पारख दोन प्रकारे करावी. एक, पाण्याचा थेंब: धुतलेल्या सुती कापडावर तो टाकताच पसरून मुरला पाहिजे. दुसरी, जाळ: सुताची चिंधी कागदासारखी जळते, तसाच वास येतो आणि बोटाने चुरडली जाणारी मऊ राख उरते. गोळी उरली तर त्यात कृत्रिम धागा आहे असे समजावे.

मात्र कोरे सुती कापडही प्रथम पाणी झिडकारते, हे ध्यानात ठेवावे. मागावर ताण्याला लावलेली खळ आणि कापसाचे नैसर्गिक मेण त्यात शिल्लक असते. मांजरपाट किंवा कोरी मलमल आणली, तर ती रात्रभर पाण्यात भिजवून, साबणाच्या गरम पाण्यात तीन-चार वेळा धुऊन आणि दर वेळी उन्हात वाळवून मगच वापरावी. प्रत्येक धुण्यागणिक कापड अधिक पाणी पिऊ लागते. आजीबाईंच्या जुन्या लुगड्याची बाळोती सर्वांत चांगली का, याचे उत्तर येथेच आहे. वर्षानुवर्षांच्या धुण्याने त्यातील खळ आणि मेण कधीच निघून गेलेले असते आणि धागा मोकळा झालेला असतो.

जुन्या लुगड्याचा हिशोब

नऊ वार म्हणजे ३२४ इंच. काठ टोचतात म्हणून ते काढून टाकावेत. त्यानंतर रुंदी ४४ इंच उरली, तर २२ इंचांचे दोन पट्टे निघतात आणि प्रत्येक पट्ट्यात चौदा चौकोन बसतात. एकूण अठ्ठावीस झाले. त्यांतील चार विरलेल्या भागात गेले, तरी दोन डझन हाती राहतात. नवजात बाळ दिवसातून आठ-दहा वेळा, कधी त्याहूनही अधिक वेळा कापड भिजविते. रोज धुणे होत असेल तर दोन डझन पुरतात. पावसाळ्यात तीन डझन असावेत. जुने धोतर किंवा मऊ झालेला पंचाही तितकाच चांगला.

कडा एकदाच दुमडून बारीक टाका घालावा. जाड शिवण कातडीवर वळ उठविते. परंतु शिवणच घातली नाही, तर सुटलेला दोरा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जातो आणि बोट सुजून निळे पडू शकते. बाळ कारणावाचून रडत असेल, तर बोटे एकदा पाहून घ्यावीत.

येथे एक गंभीर सूचना. जुनी लुगडी बहुधा ट्रंकेत डांबरगोळ्यांसह ठेवलेली असतात. आमच्या मातोश्रींनीही अशीच दोन लुगडी बाहेर काढली होती. डॉक्टरांनी ती परत ठेवावयास लाविली. काही बालकांच्या रक्तातील तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. नॅफ्थलीनच्या गोळ्यांची वाफ लागलेल्या कपड्यांमुळे अशा बालकांच्या पेशी फुटतात व तीव्र कावीळ होते. बाळात ही उणीव आहे की नाही, हे घरात बसून कळत नाही. म्हणून डांबरगोळ्यांत ठेवलेले कापड तान्ह्या बाळासाठी घेऊच नये. रोजच्या वापरातले, दांडीवर वाळणारे लुगडेच घ्यावे. आम्हीही शेवटी तेच केले.

बांधण्याची रीत

चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करावा. लांब बाजू बाळाच्या कमरेखाली घ्यावी, टोक दोन्ही पायांमधून पुढे आणावे आणि दोन्ही कोपरे पोटावर आणून सैल गाठ मारावी. गाठ व कापड यांमध्ये दोन बोटे सहज जावीत. नाळ गळून पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधावा, म्हणजे ती जागा कोरडी राहते. ओल धरण्यासाठी आत आणखी एक घडी ठेवावयाची असल्यास ती मुलाच्या बाबतीत पुढच्या अंगास आणि मुलीच्या बाबतीत मध्यभागी ठेवावी.

पाय सरळ करून घट्ट आवळण्याची चाल काही घरांत आहे, ती सोडावी. तान्ह्या बाळाचे पाय गुडघ्यात दुमडलेले आणि बाहेर फाकलेले असणे हेच स्वाभाविक होय. ते ताणून आवळल्यास खुब्याच्या सांध्यास अपाय होऊ शकतो. दुपट्यात गुंडाळतानाही कमरेखाली सैल ठेवावे.

लंगोटावरून प्लॅस्टिकची चड्डी दिवसभर चढविणे बरे नव्हे. आतली वाफ कोंडून कातडी भिजल्यासारखी होते. गादीच्या रक्षणासाठी चादरीखाली मेणकापड घालावे, म्हणजे काम भागते.

धुणे आणि वाळविणे

शीचे कापड प्रथम शौचकुपात झटकून थंड पाण्याखाली धरावे. आरंभीच गरम पाणी वापरल्यास डाग पक्का बसतो. मग गरम पाण्यात साबणाने धुऊन किमान तीन वेळा स्वच्छ पाण्यातून काढावे. साबणाचा अंश राहिला तर तोही कातडीस झोंबतो. विहिरीच्या जड पाण्यात साबण फुटतो आणि कापड करकरीत होते. अशा घरी धुण्याचा साबण बेताने आणि पाणी अधिक वापरावे. कपडे मऊ करणारी सुगंधी द्रावणे मात्र वर्ज्य मानावीत. ती तंतूवर लेप चढवितात व कापड पुन्हा पाणी पिईनासे होते. लंगोट भिजत टाकलेली बादली रांगत्या मुलाच्या वाटेत कधीही ठेवू नये. थोड्या पाण्यातही मूल बुडू शकते.

कडक उन्हासारखा मित्र नाही. पण पावसाळ्यात काय करावे? घरात वलणीवर, वारा खेळेल अशा जागी, एकेक पदरी वाळत घालावे आणि शेवटची ओल इस्त्रीने काढावी. आमच्या लहानपणी निखाऱ्यांवर बुरुडाची पाटी उपडी ठेवून तीवर लंगोट वाळवीत असत. कापड वाळे खरे, पण धूर आणि कोळशाचा वायू बाळंतिणीच्या कोंदट खोलीत भरून राही. ती रीत आता नको.

लाली का येते?

शीतील जंतू लघवीचे विघटन करून अमोनिया तयार करतात. त्याने कातडीचे आम्ल नाहीसे होते आणि शीतील पाचक रस जोर धरून कातडीच पोखरू लागतात. म्हणून ओले कापड शक्य तितक्या लवकर आणि शीचे कापड तत्काळ बदलणे, हाच पहिला उपाय. कोमट पाणी आणि मऊ फडके यांनी जागा पुसावी, टिपून कोरडी करावी आणि थोडा वेळ उघडी ठेवावी. बोरिक पावडर लावू नये. ती सोलवटलेल्या कातडीतून रक्तात उतरते व बाळाला विषारी ठरते. इतर पावडरींची धूळ श्वासात जाते. लाली घड्यांत खोल असेल, भोवती लाल पुटकुळ्या असतील किंवा दोन-तीन दिवसांत उतार पडत नसेल, तर ती बहुधा बुरशी असते, डॉक्टरांस दाखवावे.

बाळाची रोजकीर्द

कापडी लंगोटाचा एक गुण कोठल्याच विक्रेत्याच्या जाहिरातीत सापडत नाही. हे कापड काही लपवीत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक लंगोट भिजत असतील, तर बाळाच्या पोटात पुरेसे दूध जात आहे असे समजावे. संख्या घटली, तर वेळीच डॉक्टरांस विचारता येते. तान्ह्याची लघवी जवळजवळ बिनरंगी असते. ती कापडावर गडद पिवळा डाग पाडीत असेल, किंवा शी खडूसारखी पांढरट होत असेल, तर एक दिवसही थांबू नये. यकृतातील पित्ताचा मार्ग बंद असल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्यावरील शस्त्रक्रिया पहिल्या दोन महिन्यांच्या आत झाली तर अधिक गुण येतो. आपण जशी रोजकीर्द संध्याकाळी पाहतो, तशी आईने ही रोजकीर्द पाहावी.

विकतचे लंगोट

वापरून फेकण्याचे डायपर अमेरिकेत १९६० च्या दशकात मोठ्या प्रमाणावर विकण्यास आले. आज ते आपल्या गल्लीतल्या किराणा दुकानातही मिळतात. प्रवासात, आजारपणात किंवा आईस रात्रीची झोप मिळावी म्हणून कोणी ते वापरले, तर त्यास नावे ठेवण्याचे कारण नाही. पण त्यात प्लॅस्टिक असते आणि कचऱ्यात ते वर्षानुवर्षे तसेच राहते. म्हणून ते उघड्यावर न टाकता कागदात गुंडाळून वेगळे द्यावेत.

उलट, कापडी म्हणजे आपोआप निर्दोष असेही नव्हे. इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात हिशोब मांडला होता. कापडी लंगोटांचा लाभ धुण्याच्या रीतीवर अवलंबून असतो. यंत्र पूर्ण भरून धुणे, बाहेर दोरीवर वाळविणे आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळासही वापरणे, या तिन्हींनी त्यांचा हवामानावरील भार ४० टक्क्यांनी कमी होतो. वाचकहो, या तिन्ही गोष्टी आपल्या आज्या न सांगता करीत होत्या.

हल्ली बटणांचे, आत घडी घालावयाचे कापडी डायपरही मिळतात. त्यांचे बाहेरचे कापड पॉलिएस्टरचे असून त्यावर ओल न झिरपणारा थर असतो. म्हणून ओल शोषणारी आतली घडी कशाची आहे, हे पाहून घ्यावे. ‘बांबूचे’ म्हणून विकले जाणारे कापड बहुतेक वेळा बांबूच्या लगद्यापासून केलेले व्हिस्कोज असते. ते पाणी चांगले शोषते, पण ते काय आहे ते गिऱ्हाइकास कळले पाहिजे. नव्या आईबापांनी आरंभी एक-दोनच घ्यावेत आणि बाळाला मानवले तर पुढे वाढवावेत.

दुकानदाराचे कर्तव्य

आता व्यापारी बंधूंस एक विनंती. पहिल्या बाळाचा बाप दुकानात येतो, तेव्हा तो आनंदात असतो आणि सांगाल त्या भावाला कापड घेतो. अशा वेळी त्यास प्रथम विचारावे, “घरात आईची, आजीची रोजच्या वापरातली जुनी लुगडी आहेत का?” असतील तर त्यास दोन मीटर धुतलेली मलमल पुरे. हे सांगितल्याने त्या दिवशी गल्ल्यात चार रुपये कमी पडतील. परंतु पुढे झबली, शाळेचे कापड आणि लग्नाचा बस्ता घेण्यास तोच माणूस आपल्याकडे येईल. त्याहून महत्त्वाचे असे की, बोलून दाखविता न येणाऱ्या गिऱ्हाइकाची आपण फसवणूक केलेली नसेल.

आमच्या नातीची कातडी त्या जुन्या लुगड्याच्या बाळोत्यांवर दहा दिवसांत साफ बरी झाली. तो तागा आम्ही ‘मिश्र धागा’ अशी चिठ्ठी लावून पडद्यांच्या कापडात विकला. तेव्हापासून आमच्या गादीजवळ पाण्याची एक वाटी ठेवलेली असते. पांढरे कापड ‘सुती’ म्हणून आले की त्याचा तुकडा आधी घरी धुऊन आणतो, त्यावर एक थेंब टाकतो आणि मगच तो माल फळीवर चढतो.