भाकरीवाचून आहार

घोडनदीकाठचे शिरूर व भीमेकाठचे दौंड या दोन्ही तालुक्यांत जेवणाचा पाया म्हणजे भाकरी. बाजरी असो वा ज्वारी, 100 ग्रॅम धान्यात सुमारे 60 ते 70 ग्रॅम पिष्टमय द्रव्ये असतात. कीटोजेनिक आहारात ती दिवसाकाठी फार तर 20 ते 50 ग्रॅमच घ्यावयाची. म्हणजे एक-दीड भाकरीतच मर्यादा संपली!

हा आहार मुळात निरोगी माणसासाठी नव्हताच. 1921 साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. रसेल वाइल्डर यांनी तो अपस्माराच्या रोग्यांसाठी सुचविला. पिष्ट मिळेनासे झाले की यकृत चरबीपासून कीटोन द्रव्ये तयार करते व मेंदू त्यांवर आपली बरीचशी गरज भागवितो.

वजन उतरविण्यासाठी नव्हे, तर केवळ प्रकृतिस्वास्थ्यासाठी हा मार्ग धरणाराने काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. प्रारंभी लघवीवाटे पाणी व मीठ अधिक जाऊन डोके दुखते, थकवा येतो. कोंडा व कडधान्ये सुटल्याने बद्धकोष्ठ होतो; त्यावर पालेभाजी भरपूर हवी. वजन घटू नये म्हणून तूप, तेल, अंडी पुरेशी घ्यावी लागतात. मधुमेहावर इन्शुलिन घेणाराने भाकरी सोडून औषध तेवढेच ठेवल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरून जिवावर बेतू शकते. त्याने, मूत्रपिंडाच्या रोग्याने व गर्भवतीने डॉक्टरांस विचारल्यावाचून या वाटेस जाऊ नये.

निरोगी मनुष्यास यापासून दीर्घकाळ लाभ होतोच, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. तेव्हा साखर, मैदा व गुऱ्हाळाचा गूळ आवरावा, भाकरी अर्धी व भाजी दुप्पट करावी. एवढे पथ्यही थोडे नव्हे.